कालची ऋजुला

चिरेवाडीच्या शाळेत सकाळी साडेदहाला घंटा एकच व्हायची, पण तास एकोणीस सुरू व्हायचे. पट एकोणीसचा, म्हणून तास एकोणीस. कोणी अपूर्णांकांशी झटत असे, कोणी जोडाक्षरांशी, तर कोणी बेडकाच्या आयुष्याशी. प्रत्येकाच्या समोर आपापली पाटी, म्हणजे हातभर रुंदीचा पडदा, आणि कानांवर हेडफोन. दोन मुलं एकाच धड्यावर सापडणं हा कपिलाषष्ठीचा योग. त्यामुळे कोणी कोणाचं बघून लिहीत नसे, कोणी कोणाला हसत नसे आणि ‘तुझं उत्तर किती आलं रे?’ असंही कोणी विचारत नसे. विचारून उपयोग काय, गणितच वेगळं! वर्ग इतका शांत असायचा की पठारावरच्या पवनचक्क्यांची घरघर खिडक्या बंद असल्या तरी आत यायची.

प्रल्हाद शिंगटे सर या शांततेला अजून सरावले नव्हते. एकतीस वर्षांची नोकरी झाली होती, एप्रिलमध्ये निवृत्ती होती. पाट्या चार्ज झाल्यात ना हे बघायचं, पाण्याची टाकी भरली आहे ना हे बघायचं आणि कोणी डुलक्या घेत नाही ना यावर नजर ठेवायची, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. मुलं त्यांना ‘सर’ म्हणायची, पण हाक मारण्याची वेळच फारशी येत नसे. कधी कधी ते उगाचच वर्गातून चक्कर मारत आणि एखाद्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवत. मूल दचकून वर बघायचं, हेडफोन काढायचं आणि म्हणायचं, “काही चुकलं का, सर?”

या शाळेचा खरा शिक्षक म्हणजे ‘प्रतिमन’. शब्द जड आहे, पण कल्पना तशी सोपी आहे. मूल पाटीवर काम करतं तेव्हा पाटी फक्त उत्तर बघत नाही. ते कुठे अडखळलं, किती वेळ थांबलं, पेन किती दाबून धरलं, चुकल्यावर हसलं की ओठ चावले, आवाज कुठे पडला, हे सगळं ती टिपून ठेवते. अशा हजारो नोंदी साठल्या की त्यांतून त्या मुलाच्या मनाची एक प्रतिकृती उभी करता येते. तिला कोणताही प्रश्न विचारा, ते मूल जे उत्तर देईल तेच ती देते, तेही त्याच्याच आवाजात आणि त्याच्याच चुकांसकट. ही प्रतिकृती म्हणजे प्रतिमन. रोज साडेचारला शाळा सुटली की दिवसभराच्या नवीन नोंदी तिच्यात मिसळतात. म्हणजेच शाळा चालू असताना प्रतिमन नेहमी एक दिवस मागे असतं. ते मूल काल जसं होतं, तसंच.

वर्गाच्या मागच्या भिंतीला निळे पडदे लावलेली सहा छोटी खोपटी होती. त्यांना ‘चिंतन-खिडकी’ म्हणत. दिवसातून एकदा प्रत्येक मुलाने वीस मिनिटं तिथे बसायचं आणि आपल्या प्रतिमनाशी बोलायचं. आज मला काय जमेल? काय जमणार नाही? काल मी कशाला घाबरलो? मूल आपलं भाकीत सांगे, प्रतिमन त्याचं सांगे, आणि दिवसअखेर खरं काय घडलं ते दोन्हींशी ताडून बघितलं जाई. भाकीत जितकं जुळेल तितके ‘आत्मभाना’चे गुण जास्त. स्वतःला ओळखणारं मूल आयुष्यात भरकटत नाही, हे त्यामागचं तत्त्व. तत्त्वात खोट काढावी असं काही नव्हतं.

आत काय बोलणं होई ते बाहेर कोणालाही ऐकू येत नसे. बाहेर यायचा तो फक्त आकडा.

असाच एक आकडा बघायला पुण्याच्या बालप्रगती केंद्रातून डॉ. हेमांगी बर्डे त्या दिवशी घाट चढून चिरेवाडीत आल्या. प्रतिमनाची मूळ कल्पना त्यांची. वय पन्नाशीच्या आत, केस आखूड, बोलणं नेमकं. शिंगटे सरांनी त्यांच्यासाठी ऑफिसातली एकमेव बरी खुर्ची पुसून ठेवली होती. पण त्या खुर्चीवर न बसता थेट वर्गाच्या दाराशी गेल्या.

“ऋजुला सपकाळ कुठली?”

“ती खिडकीशेजारची. दोन वेण्यांची.”

आठ वर्षांची, अंगाने किरकोळ मुलगी पाटीवर मान घालून बसली होती. बाईंनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं.

“सर, तुम्हाला कल्पना आहे का? गेले त्रेचाळीस दिवस हिचं आत्मभान शंभर टक्के आहे. रोज. दहा गणितांपैकी सात बरोबर येतील म्हणते, आणि सातच येतात. कोणती तीन चुकणार तेही आधी सांगते. राज्यात महिनाभर शंभरावर टिकून असलेली तीनशे बारा मुलं आहेत. त्यांत हिचा नंबर पहिला.”

“हुशार आहे पोरगी,” सर म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, “पण मॅडम, त्रेचाळीस दिवस ती आठाच्या पाढ्यावरच आहे.”

“असू दे ना. प्रत्येकाने आपल्या गतीने जायचं. त्याला आम्ही रुजण्याचा काळ म्हणतो.”

आमच्या वेळी त्याला ढ म्हणायचे, असं सरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. शिवाय ऋजुला ढ नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यात जेवायला बसली. जेवतानाही ती आपापल्या जागी, हातभर अंतर राखून बसत. तसा कुठे नियम नव्हता, सवयच पडली होती. ऋजुलाच्या डब्यात खिचडी होती. वाटाणे कच्चे, भात गोळा झालेला. तिने तो मुकाट्याने संपवला, नळावर डबा धुतला, आणि धुता धुता आपल्याच नादात गुणगुणली, “आठ सक अठ्ठेचाळीस, आठ सत्ते छप्पन्न...”

बाई नळाजवळच उभ्या होत्या. त्यांनी हातातली पाटी उघडून बघितली. आठ सत्ते चोपन्न, असं ऋजुलाने त्याच सकाळी लिहिलं होतं. काल लिहिलं होतं. परवाही.

“ऋजुला, आठ सत्ते किती गं?”

“छप्पन्न.”

“मग वर्गात चोपन्न का लिहितेस?”

ऋजुलाने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना म्हणून पुन्हा काढून लावलं. “तिला छप्पन्न येत नाही,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“कालचीला.”

एवढं बोलून ती डबा घेऊन आत गेली. नळ तसाच वाहत होता. शिंगटे सरांनी तो बंद केला.

 ऑफिसात आल्यावर मात्र बाई बरी खुर्ची, साधी खुर्ची न बघता समोर मिळेल त्या बाकावर बसल्या.

“सर, हवामानाचा अंदाज बरोबर ठरायचे मार्ग किती?”

“मी मराठीचा माणूस, मॅडम.”

“दोन. एक म्हणजे अंदाज सुधारायचा. दुसरा, हवामानानेच अंदाज ऐकून तसं वागायचं.” त्या कोरडं हसल्या. “ढग काही अंदाज ऐकत नाहीत, म्हणून दुसरा मार्ग आम्ही धरलाच नाही. मूल स्वतःला ओळखू लागलं की अंदाज जुळतो, एवढंच आम्ही बघितलं. पण मुलाला अंदाज ऐकू येतो. त्याला वाटलं तर ते ठरवून अंदाजासारखं वागू शकतं. ही मुलगी स्वतःला ओळखत नाहीये, सर. ती काल होती तशी मुद्दाम राहतेय.”

“पण का?”

“तेच समजत नाही. रोज काहीतरी नवीन शिकलं की साडेचारला प्रतिमन बदलतं. तिला ते बदलायला नकोय. पण त्रेचाळीस दिवसांपूर्वीच्या प्रतिमनात असं काय आहे?”

शिंगटे सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सुट्ट्या वगळून बोटांवर दिवस मोजले. दोनदा मोजले. मग ते हळूच म्हणाले, “तिची आई गेली, मॅडम.”

“म्हणजे?”

“नाही नाही, तसं नाही. नोकरीला गेली. जर्मनीला. श्वेता सपकाळ, नर्स आहे. तालुक्याच्या दवाखान्यात होती. दोन वर्षांचा करार झाला आणि गेली. नवरा, ओंकार, इथल्याच पवनचक्क्यांवर मेकॅनिक आहे. खिचडी तोच करतो.”

“ही माहिती प्रतिमनात का नाही?”

 दाराशेजारी चौकटीत लावलेल्या परिपत्रकाकडे सरांनी नुसती नजर टाकली. “घरच्या गोष्टी मुलाच्याच तोंडून आल्या पाहिजेत, मोठ्यांनी विचारायचं नाही आणि सुचवायचं नाही, असा नियम आहे. नाहीतर मुलाचं चिंतन गढूळ होतं म्हणे. पूर्वी आमच्याकडे परिपाठ झाला की ‘कालची बातमी’ असायची. प्रत्येकाने उभं राहून काल घरी काय झालं ते सांगायचं. आमची म्हैस व्याली. बाबांनी चपला आणल्या. आजोबा पडले. पाच मिनिटांत अख्ख्या गावाचं कळायचं. ते बंद झालं. मी म्हटलं, पोरगी आज ना उद्या आपणहून आत सांगेल. रोज वाट बघितली.” त्यांनी पुन्हा कॅलेंडरकडे बघितलं. “मला ठाऊक होतं, मॅडम. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी नियम पाळत बसलो.”

जेवणानंतर ऋजुलाची खिडकीची पाळी होती. पडद्याआड जाण्याआधी तिने दोन्ही वेण्या पुढे घेतल्या. एक रिबन सैल झाली होती. ती सोडून पुन्हा बांधली, दोन्ही फुलं सारखी झाली आहेत ना हे बोटांनी चाचपलं आणि मगच आत गेली. सर हे रोज बघत. पोरगी नीटनेटकी आहे, एवढाच अर्थ त्यांनी आजवर लावला होता. आतल्या कॅमेऱ्याला वेण्या दिसतात, हे त्यांच्या आज लक्षात आलं.

आतलं बोलणं ऐकायची किल्ली फक्त डॉ. बर्ड्यांकडे होती आणि त्यांनी ती आजवर वापरली नव्हती. आज वापरली. सरांनी आधी तोंड फिरवलं. पण ऑफिसची खोली एवढीशी, तोंड फिरवलं तरी कान कुठे नेणार?

दोन आवाज आले. दोन्ही ऋजुलाचे.

“आज पण सातच येणार.”

“हो, सातच.”

“आता घरी गेल्यावर?”

“घरी आई झोपलेली असेल. रात्रपाळी होती ना.”

“मग चपला बाहेरच काढायच्या.”

“आणि दार हळूच लोटायचं. ते कुरकुरतं.”

“मग?”

“मग आपण तिच्या पायाशी बसून चित्र काढायचं. ती उठली की वेणी.”

“आणि चहात बिस्किट.”

“हो. पण उठवायचं नाही.”

“नाहीच उठवायचं.”

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. दोघी जणू दाराशी कानोसा घेत होत्या. बाईंनी आवाज बंद केला.

त्रेचाळीस दिवस श्वेता त्या घरात झोपलेली होती. तिथे, हजारो किलोमीटरवर, ती परक्या भाषेत परक्या म्हाताऱ्यांची औषधं मोजत असेल, रोज व्हिडिओवर लेकीला ‘नीट जेवलीस का’ विचारत असेल. पण इथे, निळ्या पडद्यामागे, ती रात्रपाळी करून आलेली होती आणि कोणत्याही क्षणी उठणार होती. फक्त एकच अट होती. कालचीला काही कळता कामा नये. म्हणून आठ सत्ते चोपन्न. म्हणून वेण्या अगदी आईने घातल्यासारख्या. एक गणित जरी जास्तीचं बरोबर आलं असतं, आवाज जरी जरासा पडला असता, तरी साडेचारला ते प्रतिमनात मिसळलं असतं आणि कालचीला शंका आली असती. आठ वर्षांच्या पोरीने स्वतःला रोज सकाळी त्याच दिवशी नेऊन बसवलं होतं आणि मोठी माणसं तिला शंभरपैकी शंभर देत होती.

“मी इथूनच दुरुस्त करू शकते,” बाई म्हणाल्या. “घरच्या माहितीत एक ओळ टाकायची. आई परदेशी. साडेचारला मिसळेल. उद्या प्रतिमनाला माहीत असेल.”

“म्हणजे उद्या ती पोरगी आत जाणार आणि तिचाच आवाज तिला सांगणार की आई गेली?”

“सर, तिची वाढ थांबली आहे. आणखी सहा महिने असंच चाललं तर काय होईल मला सांगता येत नाही. हे कधीतरी तोडावंच लागेल.”

“तोडा की. मी नको म्हणत नाही. पण तिची आई एकदा तिला न विचारता गेली. आता दुसऱ्यांदा तुम्ही तिला न विचारता पाठवताय.”

 डॉ. बर्ड्यांनी बोट पाटीवरून उचललं.

चार वाजता शिंगटे सर ऋजुलाजवळ गेले आणि तिच्या शेजारी खाली फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. वर्गातली दोन-तीन मुलं वळून बघू लागली. सर खाली बसलेले त्यांनी कधी बघितले नव्हते.

“ऋजुला, कालचीला सांगायला हवं, बाळ.”

तिने आश्चर्य दाखवलं नाही. कोणीतरी कधीतरी हे म्हणणार, हे तिला ठाऊक असावं. “ती रडेल,” ती म्हणाली.

“रडू दे.”

“तुम्ही सांगा ना, सर.”

“माझं ती ऐकणार नाही. ती तुलाच ओळखते.”

“फोनवर आई असते,” ऋजुला म्हणाली. “पण फोनवर ती जागी असते. सारखे प्रश्न विचारते.” आणि मग, नखाने बाकावरचा रंग खरवडत, “झोपलेली आई फक्त तिच्याकडेच आहे.”

  सरांनी नुसता हात पुढे केला. ऋजुलाने त्यांचं एक बोट धरलं. खिडकीत दुसऱ्याने जायचं नाही हाही नियम होता. सर पडद्याबाहेर स्टूल टाकून बसले आणि त्यांचा हात तेवढा आत गेला. डॉ. बर्डे चार पावलांवर उभ्या राहिल्या. पडदा अर्धा उघडा होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“परत आलीस?” कालची म्हणाली.

“एक सांगायचंय.”

“काय?”

“आई घरी नाही.”

“दवाखान्यात आहे?”

“नाही. जर्मनीला गेली. विमानाने. खूप दिवस झाले.”

आतून काहीच आवाज आला नाही. डॉ. बर्ड्यांना या शांततेचं शास्त्र पाठ होतं. त्यात भावना नव्हती, गणित होतं. कालच्या ऋजुलाला ही बातमी कळली असती तर ती काय म्हणाली असती, हे ते यंत्र शोधत होतं. पण हे मनाशी म्हणता म्हणताच त्यांना दुसरंही कळलं. आई गेली त्या दिवशी ऋजुला कोणाशीच काही बोलली नव्हती. ती जे बोलली नव्हती तेच आता ऐकू येणार होतं.

“कधी येणार?” कालचीने विचारलं.

“दोन वर्षांनी.”

“मग घरी कोण झोपलंय?”

सरांच्या बोटावरची पकड घट्ट झाली.

“कोणी नाही,” ऋजुला म्हणाली.

“चपला बाहेर कशाला काढायच्या मग?”

“नाही काढल्या तरी चालतात.”

“आणि वेणी?”

“मी घालते.”

“मला नाही येत वेणी,” कालची म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

“मला येते,” ऋजुला म्हणाली. “आता मला येते.”

मग आतून रडण्याचा आवाज आला. एकाच आवाजात दोघी रडत होत्या, म्हणून कोणती कोण ते बाहेर कळत नव्हतं. सरांचं बोट मात्र ओलं झालं, तेव्हा एक तरी खरी रडत होती.

साडेचारला पाट्या बंद झाल्या. ऋजुलाचं आत्मभान त्या दिवशी एकसष्ट टक्क्यांवर आलं. पवनचक्कीच्या मनोऱ्यावर ऐंशी मीटर उंचीवर काम करत असलेल्या ओंकार सपकाळच्या फोनवर आपोआप संदेश गेला, ‘आपल्या पाल्याच्या आत्मभानात घसरण आढळली आहे. काळजी करू नये.’

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. बर्ड्यांच्या पुण्याच्या ऑफिसात शिंगटे सरांचा फोन आला.

“मॅडम, आठ सत्ते छप्पन्न लिहिलं तिने. दहापैकी दहा.”

“वा! आणि खिडकीत?”

“गेली होती. दोन मिनिटांत बाहेर आली. म्हणाली, सर, तिला आता सगळं माहीत झालंय. आता तिच्याशी काय बोलू?”

“मग तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“मग मी जरा नियम मोडला,” सर म्हणाले. “सगळ्यांना हेडफोन काढायला लावले आणि म्हटलं, आज कालची बातमी सांगायची. ऋजुला उभी राहिली. म्हणाली, माझी आई जर्मनीला गेली. मला वाटलं, कोणी काही विचारेल. जर्मनी कुठे आहे, तुझ्याकडे आता कोण असतं, काहीतरी. पण मॅडम, पोरांना कळेचना काय करायचं ते. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवयच राहिली नाही त्यांना. अठराच्या अठरा पोरं माझ्याकडे बघत राहिली, उत्तर बरोबर आहे की चूक ते मी सांगेन म्हणून. ती बिचारी उभीच.”

“मग?”

“मग मी खाली बसवली तिला. माझ्या टेबलाजवळ येऊन बसली, ती तिथेच बसलीय. चित्र काढतेय. मी एप्रिलपर्यंत आहे, मॅडम. पुढचं माहीत नाही.”

डॉ. बर्ड्यांनी फोन ठेवला. ऋजुला बरी होती, शिकत होती, उद्या नवाच्या पाढ्यावर जाईल. बक्षीस म्हणून काय मिळालं तिला? आई जिथे अजून गेलेली नव्हती अशी जगात एकच जागा होती, तीही आता राहिली नव्हती.

मग त्यांनी समोरची यादी उघडली. महिनाभर शंभर टक्के आत्मभान टिकवलेली मुलं. एक नाव कमी झालं होतं. उरली तीनशे अकरा. केंद्राच्या वार्षिक अहवालात त्यांचे फोटो पहिल्या पानावर जायचे होते. शहाणी मुलं, स्वतःला ओळखणारी मुलं. कालपर्यंत बाईंना या यादीचा अभिमान होता. आता प्रत्येक नावापुढचा शंभराचा आकडा त्यांना बंद दारासारखा दिसू लागला. यातलं कोण कोणत्या दिवशी थांबलं असेल? कोणाच्या घरी अजून कोण झोपलेलं असेल, कोण अजून जिवंत असेल, कोणाचे आईवडील अजून एका ताटात जेवत असतील?

त्यांनी पहिल्या नावाच्या शाळेत फोन लावला. मुलाचं नाव कणाद वायंगणकर, वय सात, शंभर टक्के, एकोणचाळीस दिवस. फोन तिथल्या बाईंनी घेतला. आवाज तरुण आणि उत्साही होता.

“कणाद? अहो मॅडम, फार गुणी मुलगा! काही म्हणजे काही त्रास नाही.”

“त्याच्या घरी काही घडलं आहे का? एकोणचाळीस दिवसांपूर्वी?”

“घरी?” त्या बाई गोंधळल्या. “घरचं आम्ही विचारत नाही, मॅडम. परिपत्रक आहे ना.” मग जरा अवघडून म्हणाल्या, “त्यावर सही तुमचीच आहे.”

“हो,” डॉ. बर्डे म्हणाल्या. “माझीच आहे. कणाद आत्ता कुठे आहे?”

“खिडकीत. ऐका हं, पडदा जरा सरकलाय, इथपर्यंत ऐकू येतंय. हसतोय बघा आत. बाहेर फारसा हसत नाही कधी, पण आत गेला की इतका खूश असतो!” फोनवर खरंच एका लहान मुलाचं हसणं अस्पष्ट येत होतं. तो कोणाला तरी काहीतरी सांगत होता आणि मध्येच हसू आवरेनासं होत होतं.

“बोलावू का त्याला बाहेर?” त्या बाईंनी विचारलं.

डॉ. बर्ड्यांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

“मॅडम? ऐकू येतंय ना? बोलावू का?”